लेस्टरचे मत आणि उसाच्या फडातला मतदार

४ जुलै २०२४ रोजी सकाळी सात वाजता मी इंग्लंडमधील लेस्टर शहरात ब्रिटनच्या पार्लमेंटसाठी मतदान केले. मी ब्रिटनचा नागरिक नाही. धाराशिव जिल्ह्यातील कळंब हे माझे गाव, आणि त्या देशात पाऊल ठेवून मला वर्षही पुरे झालेले नव्हते. केंद्रावरच्या बाईंनी ओळखपत्र मागितले, तेव्हा मी खिशातून अशोकस्तंभाची मुद्रा असलेले भारतीय पारपत्र काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी छायाचित्र पाहिले, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, यादीतील नावावर रेघ ओढली आणि मतपत्रिका माझ्या हाती दिली. आडोशात दोरीने बांधलेली शिसपेन्सिल होती. तिने फुली मारली आणि घडी घालून कागद पेटीत टाकला. बोटाला शाई लागली नाही, याची मात्र जरा चुटपुट लागून राहिली.

त्याआधी दोन महिने, ७ मे रोजी, आमच्या लोकसभा मतदारसंघाचे मतदान झाले होते. (जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, मतदारसंघाचे नाव उस्मानाबादच होते. नावांच्या या भांडणात मतदाराला कुणी विचारले नाही, ते असो.) कळंबच्या यादीत माझे नाव होते, पण मी तेथे नव्हतो, म्हणून माझे मतही नव्हते. ज्या देशाने माझ्या आजोबांच्या पिढीवर राज्य केले, किंवा आमच्यापुरते नेमके बोलायचे तर आमच्यावर राज्य करणाऱ्या निजामावर राज्य केले, त्या देशाचे सरकार निवडण्यात मला वाटा मिळाला. आणि ज्या देशाचा मी नागरिक आहे त्याचे सरकार माझ्याविना निवडले गेले. या विसंगतीने प्रथम मला हसू आले. पुढे जे दिसत गेले त्याने हसू मावळले.

हा हक्क मला मिळाला तो माझ्या गुणाने नव्हे. ब्रिटनच्या कायद्यानुसार राष्ट्रकुलातील कोणत्याही देशाचा नागरिक तेथे कायदेशीर वास्तव्य करीत असेल, तर त्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते, आणि कायम वास्तव्याचा हक्क असेल तर उभेही राहता येते. साम्राज्य गेले, पण साम्राज्याच्या खातेवहीतील हे एक पान फाडायचे राहून गेले आहे. याच पानावर दादाभाई नौरोजींचे नाव आहे. १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते अवघ्या तीन-पाच मतांच्या फरकाने निवडून आले. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे ते पहिले भारतीय प्राध्यापक, आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे अध्यापक, हे मला गणिताचा मास्तर म्हणून विशेष जवळचे वाटते. पुढे १९२२ साली शापुरजी सकलातवाला नॉर्थ बॅटरसीतून निवडून गेले, ते कम्युनिस्ट असूनही मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर. हिंदुस्थानात राहणाऱ्या कोट्यवधी प्रजेला मात्र त्या पार्लमेंटसाठी एकही मत नव्हते. समुद्र ओलांडून तेथे जो पोहोचला तो मतदार, आणि घरी राहिला तो प्रजाजन.

मी तेथे कसा पोहोचलो हेही सांगितले पाहिजे. चौदा वर्षे मी विनाअनुदानित तुकडीवर गणित शिकवले. अनुदानाचे वीस टक्के, चाळीस टक्के असे टप्पे कसे येतात आणि कसे अडतात, हे महाराष्ट्रातील शिक्षकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. इंग्लंडला गणित व पदार्थविज्ञानाचे शिक्षक मिळेनासे झाले, म्हणून २०२३ च्या आरंभी त्या सरकारने भारत, नायजेरिया, घाना, झिम्बाब्वे अशा देशांतील शिक्षकांना आपल्या शाळांची दारे उघडली. मी अर्ज केला. व्हिसाचे, विमानाचे आणि पहिल्या महिन्याच्या भाड्याचे पैसे मेहुण्याकडून उसने घेतले. आमच्या तालुक्यात हंगामापूर्वी असे पैसे घेऊन माणूस गाव सोडतो, त्याला उचल म्हणतात. मुकादमाऐवजी मेहुणा होता एवढेच.

तर निवडणुकीचा हंगाम. २२ मे रोजी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी भर पावसात, छत्रीही न घेता, निवडणूक जाहीर केली, आणि अवघ्या सहा आठवड्यांत सारे आटोपले. ध्वनिक्षेपक नाहीत, फटफट्यांच्या फेऱ्या नाहीत, भिंती रंगवलेल्या नाहीत. घरांच्या खिडक्यांत काही फलक, दारातल्या फटीतून आत पडणारी पत्रके, आणि संध्याकाळी दार वाजवून नम्रपणे बोलणारे दोघे-तिघे कार्यकर्ते. उमेदवाराला प्रत्यक्ष प्रचाराच्या काळात खर्च करता येतो तो मतदारसंघागणिक वीस हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे आपले वीस-बावीस लाख रुपये. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराची मर्यादा ९५ लाखांची आहे, आणि त्या आकड्यावर कोणाचा विश्वास आहे हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

शिक्षक म्हणून मला आणखी एका गोष्टीचे नवल वाटले. तेथे शिक्षकाला निवडणुकीच्या कामाला जुंपत नाहीत. केंद्रावर बसतात ती स्वेच्छेने आलेली, मोबदला घेणारी माणसे. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाला अशैक्षणिक कामांतून सोडवले, पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला; त्या अपवादात वर्षाचे कितीतरी दिवस जातात. तरी स्पष्टच सांगतो, या बाबतीत मला तेथील रीत सर्वस्वी बरी वाटली नाही. वस्तीवरची म्हातारी केंद्रात शिरताना बिचकते, आणि आत गुरुजी बसलेले दिसले की तिचा पदर सावरण्याचा हात स्थिर होतो, हे मी पाहिलेले आहे. शिक्षकाचा वेळ वाचावा, पण त्याची तेथली खुर्चीही अगदी रिकामी होऊ नये, असे मला वाटते.

वर्गात राजकारण शिकवण्याविषयी तेथे कायदा आहे. १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या ४०६ व ४०७ या कलमांनुसार शिक्षकाने कोणत्याही पक्षाचा कैवार घ्यायचा नाही, आणि वादाचा विषय निघाला तर दोन्ही बाजू मांडायच्या. त्यामुळे नववीच्या मुलांनी, "सर, तुम्ही कोणाला मत दिलेत?" असे विचारले तेव्हा मी गप्प राहिलो. मग एका मुलाने विचारले, "तुमच्या देशात तुम्ही कोणाला दिले होते?" तेथे कायदा आडवा येत नव्हता. तरीही मी गप्पच राहिलो, कारण उत्तर नव्हते.

तेथील सारे सोन्याचे आहे असा वाचकांनी समज करून घेऊ नये. मजूर पक्षाला त्या निवडणुकीत ३३.७ टक्के मते पडली आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. एकतृतीयांश मतांवर जवळपास दोनतृतीयांश सभागृह. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही तेथील पद्धत आपण उचलली आणि तिचे दोषही उचलले. मतदान झाले जेमतेम साठ टक्के. आपल्या लोकसभेला त्याच वर्षी रणरणत्या उन्हात जवळपास सहासष्ट टक्के झाले. जात-धर्माचे राजकारण हा केवळ आपलाच रोग, ही समजूतही लेस्टरने घालवली. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर याच शहराच्या रस्त्यांवर हिंदू आणि मुसलमान तरुणांचे जमाव एकमेकांसमोर ठाकले होते. लेस्टर ईस्ट हा १९८७ पासून मजूर पक्षाकडे असलेला मतदारसंघ २०२४ मध्ये हुजूर पक्षाच्या शिवानी राजा यांनी जिंकला; देशभर धुळधाण उडालेल्या त्या पक्षाने मजूर पक्षाकडून हिसकावून घेतलेली ती एकमेव जागा. त्याच शहरातील लेस्टर साऊथमध्ये गाझाच्या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या अपक्षाने मजूर पक्षाच्या बड्या नेत्याला पाडले. दोन्ही निकालांना स्थानिक कारणेही होती. पण माणूस देशांतर करतो तेव्हा ट्रंकेत लोणच्याबरोबर आणखी काय काय बांधून नेतो, याचा अंदाज मला त्या सहा आठवड्यांत आला.

आमच्या शाळेत साफसफाई करणाऱ्या एक बाई आहेत. मूळच्या दीवच्या. पोर्तुगिजांच्या ताब्यातील गोवा, दमण, दीव १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाले, पण त्यापूर्वी तेथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. त्या आधाराने हजारो लोक पोर्तुगीज पारपत्र काढून युरोपात गेले आणि त्यांतले कितीतरी लेस्टरला स्थिरावले. या बाई तेथे पंधरा वर्षे आहेत. पंधरा वर्षे त्या कर भरत आहेत. त्यांची मुले तेथे शिकली. पण पार्लमेंटसाठी त्यांना मत नाही, कारण त्यांचे पारपत्र युरोपीय संघातील देशाचे आहे, राष्ट्रकुलातील नव्हे. मतदानाच्या दिवशी दुपारी मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारले, "भाई, तुम्ही तर काल आलात, तुम्हाला कसे मिळाले?" इंग्रजांनी राज्य केलेल्या मुलखात जन्मलो म्हणून मला, आणि पोर्तुगिजांनी केलेल्या मुलखाच्या वारशाने गेल्या म्हणून त्यांना नाही! चारशे वर्षांपूर्वी कोणाचे गलबत कोणत्या किनाऱ्याला लागले, यावर एका झाडूवाल्या बाईचा मताधिकार ठरतो. ज्या जागी माणूस घाम गाळतो त्या जागेशी त्याच्या मताचा काही संबंध असावा की नाही?

हा प्रश्न मी तेथून कळंबकडे वळवला, तेव्हा तो अधिकच बोचू लागला.

परदेशस्थ भारतीयांबद्दल प्रथम बोलतो आणि लवकर संपवतो. २०१० च्या दुरुस्तीने आपल्याला मतदारयादीत नाव नोंदवता येते. पण मत द्यायला स्वतः आपल्या केंद्रावर यावे लागते. मुखत्यारामार्फत मत देण्याचे विधेयक २०१८ साली लोकसभेने संमत केले, ते पुढे राज्यसभेत न जाता लोकसभेबरोबरच विरून गेले. २०२४ साली सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते, आणि प्रत्यक्ष मत दिले ते तीन हजारांनीही नाही. त्यांतले बहुतेक केरळचे. यावर परदेशातील आपल्या मंडळींत मोठी हळहळ चालते. मला तितकीशी वाटत नाही. आम्ही आपखुशीने गेलो; तिकीट काढून येणे अगदीच अशक्य नाही, आणि ज्या कायद्यांचे परिणाम आपण भोगणार नाही ते करणाऱ्यांची निवड आपण दुरून करावी का, याबद्दल दोन मते असू शकतात. ब्रिटनने आपल्या परदेशस्थ नागरिकांवरची पंधरा वर्षांची मर्यादा २०२४ मध्ये उठवली. तेथेही त्यावर वाद झालेच.

परंतु कळंब तालुक्यातून दर वर्षी परागंदा होणारा जो खरा परदेशी आहे, त्याच्याजवळ पारपत्र नसते. दिवाळी आटोपली की नवराबायकोची जोडी निघते. कारखान्याच्या भाषेत त्या दोन माणसांना मिळून 'एक कोयता' म्हणतात. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने संसार होतो. कायदा या माणसाला कळंबचाच रहिवासी मानतो. तात्पुरते बाहेर गेल्याने सामान्य निवास संपत नाही, असे लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे. म्हणजे नाव गावात कायम, आणि माणूस तीनशे किलोमीटरवर. २०२४ साली राज्य सरकारने गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे ठरवले, आणि विधानसभेचे मतदान ठेवले गेले २० नोव्हेंबरला. ज्यांनी या दोन तारखा ठरवल्या त्यांनी एकाच दिनदर्शिकेत पाहिले असेल, तर त्यांना हे दिसले नसेल असे मानणे कठीण आहे.

मत देण्यासाठी ही माणसे परत येत नाहीत असे नाही. येतात, पण कोणी आणले तर. १८ डिसेंबर २०२२ रोजी राज्यातील साडेसात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे मतदान होते आणि मी आमच्या तालुक्यातील एका गावी मतदान अधिकारी म्हणून बसलो होतो. सकाळपासून रांग अशी नव्हतीच. दुपारी तीनच्या सुमारास दोन मालमोटारी धुरळा उडवीत आल्या, शाळेपासून अंतर राखून थांबल्या, आणि त्यांतून पन्नास-साठ माणसे उतरली. रात्रभराच्या प्रवासाने डोळे लाल, बायांच्या हातावर उसाच्या पात्याचे ओरखडे, काखेत लेकरे. एका पॅनेलने ती आणली होती. दुसऱ्या पॅनेलच्या गाड्या आधीच येऊन गेल्या होत्या. त्या रांगेत मला माझा एक जुना विद्यार्थी दिसला. दहावीला भूमितीत त्याला चांगले गुण होते. मी त्याच्या बोटाला शाई लावली. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मत गाडीलाच द्यावं लागतंय." तो मशीनकडे गेला आणि मी पुढचे नाव वाचले. त्या वेळी मी दुसरे काय करू शकत होतो, हे मला अजून कळलेले नाही.

मतदारांना वाहनाने केंद्रावर आणणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाने भ्रष्ट आचार ठरवला आहे. कायद्याचा हेतू चांगलाच आहे. पण परिणाम काय होतो? गाडीशिवाय येणे शक्य नाही, आणि गाडी आणणे हा गुन्हा. म्हणून ती गाडी चोरून येते आणि चोरून आलेल्या उपकाराची फेड मुकाट्याने करावी लागते. विधानसभेच्या वेळी, २० नोव्हेंबर २०२४ ला, तो विद्यार्थी कोल्हापूरकडे होता. त्या फडावर कोणाची गाडी आली नाही. त्याने, त्याच्या बायकोने आणि टोळीतल्या बाकीच्यांनी त्या दिवशी ऊस तोडला. १९५२ मध्ये माझ्या आजोबांना आयुष्यातले पहिले मत मिळाले, निजामाची सत्ता गेल्यावर साडेतीन वर्षांनी. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या पदवीधरांचे व व्यापाऱ्यांचे दुहेरी मत नाहीसे होऊन एका माणसाला एकच मत झाले ते १९५० च्या निवडणुकीत. म्हणजे लंडन आणि कळंब यांच्यात या बाबतीत दोनच वर्षांचे अंतर होते. आजोबांचा नातू ते अंतर ओलांडून गेला. भूमितीतल्या त्या मुलाला ते वाढवून मिळाले.

मग उपाय काय? ब्रिटनमध्ये २००१ पासून कोणालाही, कारण न देता, टपालाने मत पाठवता येते. ते येथे आणावे असे मला सुचले होते. पण मी तो विचार सोडला. २००४ च्या बर्मिंगहॅमच्या नगरपालिका निवडणुकीत टपाली मतांचा असा घोटाळा झाला की पुढच्या वर्षी न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी मजूर पक्षाच्या सहा सभासदांची निवड रद्द केली. जेथे दारापर्यंत पत्र येते तेथे हे घडले. पाचटाच्या कोपीत आलेली मतपत्रिका कोण उघडील आणि कोण भरील, हे सांगायला नको. उचल ज्याची, मतपत्रिकाही त्याची.

निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ च्या अखेरीस स्थलांतरित मजुरांसाठी एका यंत्राची कल्पना पुढे आणली. एकाच केंद्रावर बहात्तर मतदारसंघांची मते घेऊ शकेल असे ते यंत्र. १६ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीत ते पक्षांना दाखवण्याचा बेत होता; बहुतेक विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि पुढे त्याचे नाव ऐकू येईनासे झाले. शंका खोट्या नव्हत्या. परराज्यातील केंद्रावर गरीब पक्षाला प्रतिनिधी बसवणे जमणार कसे, हा प्रश्न खराच आहे. पण शंका काढून जे पक्ष घरी गेले, त्यांत समाजवादाचे नाव घेणारेही होते. त्यांनी मजुरांसाठी पर्यायी योजना मांडायला हवी होती.

यंत्रावाचूनही पुष्कळ करता येते. काश्मीर खोऱ्यातून निघालेल्या पंडितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रे असतात. त्रिपुराच्या छावण्यांत राहणाऱ्या ब्रू निर्वासितांना मिझोरमसाठी मत देता यावे म्हणून २०१८ साली सीमेवरच्या कान्हमून गावी केंद्रे उघडली गेली. ऊसतोड कामगार तर विखुरलेलाही नाही. तो कोणत्या कारखान्याच्या कोणत्या टोळीत आहे, हे कारखान्याच्या शेती खात्याला माहीत असते. उचलीचा करार कागदावर असतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ या कामगारांची नोंदणी करते, ग्रामसेवक ओळखपत्र देतो. राज्यातील कारखाने शे-दोनशेच आहेत. प्रत्येकाच्या तळावर मतदानाच्या चार दिवस आधी एक केंद्र, मूळ मतदारसंघाची मतपत्रिका, सर्व पक्षांचे प्रतिनिधी, आणि आत बसायला एखादा शिक्षक. एवढे करायला नव्या विज्ञानाची जरुरी नाही.

उलट धोका वाढतो आहे तो यादीचा. बिहारमध्ये २०२५ साली मतदारयाद्यांची कसून तपासणी झाली, तेव्हा पहिल्या मसुद्यातून सुमारे पासष्ट लाख नावे गळाली, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक 'कायमचे स्थलांतरित' अथवा 'आढळले नाहीत' या सदरात होती. आमच्याकडे अशी तपासणी डिसेंबर-जानेवारीत झाली, तर दाराला कुलूप दिसणार आणि सदर भरले जाणार. ते भरणारा बहुधा शिक्षकच असेल.

कारखान्याच्या तळावरच्या केंद्राची ही कल्पना मी त्या विद्यार्थ्याला दूरध्वनीवर सविस्तर सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मागे मोळ्या भरल्या जात असल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "चांगलंय सर. पण त्या दिवसाचा खाडा कोण भरणार?" कायद्याच्या १३५ब कलमात रोजंदारीवरच्या कामगारालाही मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी दिली आहे, असे मी त्याला सांगितले. भरपगारी म्हणजे कोण देणार, असे त्याने विचारले. कारखाना म्हणतो तुम्ही मुकादमाची माणसे, आणि मुकादम म्हणतो टनावर मजुरी आहे, सुट्टीचा टन कुठून आणू. तेवढ्यात ट्रॅक्टर आला आणि त्याने दूरध्वनी ठेवला.